रानहळदीचं पान

"पान सावकाश सोडव गो बाय. घाई केलीस तर शीर उमटायची नाही."

बुधी कातकरणीची आय जाऊन किती पावसाळे लोटले, पण नागपंचमीला पातोळ्यांचं आधण चुलीवर चढलं की हा आवाज तिच्या कानाशी यायचा. त्या साली तर तो पहाटेपासून येत होता. अलोणी महाराज पोफळवणे गावात रवळनाथाच्या देवळात उतरले होते. महाराज मिठाचा कणही घेत नसत, म्हणून त्यांचं हे नाव. बुधीने डोंगरातून रानहळदीची रुंद पानं आणली, नाचणीचं पीठ अळणीच भिजवलं, त्यात तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, कीस आणि मध घातला आणि पानं मिटून वाफेवर ठेवली. ओठांवर आयचीच ओवी होती:

रानाची गं हळद, तिला पाणी आभाळाचं
पिवळ्या तिच्या अंगावर नाव नाही कुणाचं

भक्तजनहो, ही रानहळद पोफळवण्यात कुणाच्या घरी नव्हती? पाय मुरगळला की तिच्याच कंदाचा लेप. न्हाणीत तिचं उटणं. श्रावणात तिच्या पानाशिवाय पातोळीला वास नाही. आणि हे सगळं यायचं बुधीच्या टोपलीतून, मागल्या दाराने. टोपली आत जायची, बुधी अंगणातल्या खळ्याच्या कडेला उभी. हळद घरात चालते, ती खणणारे हात चालत नाहीत! हे सांगताना आजही जीभ कडू होते.

बुधी पातोळ्यांची टोपली घेऊन देवळाशी आली, तेव्हा पायरीशी भिकाजीपंत खोत उभे होते. डोंगर त्यांचा, देवळातली मोठी घंटाही त्यांनीच वाहिलेली. मागे कलमांच्या बागेत पडून त्यांचा पाय सुजला होता, तो देवाच्या अंगाऱ्याने बरा झाला, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला घंटेकडे बोट करून ऐकवत.

"टोपलीत काय आणलंस गो?" त्यांनी विचारलं. पानांचा वास घेऊन नाक मुरडलं. "रानहळद? अगो, ती रानडुकरं उकरतात. महाराजांना काय डुकरांच्या पंगतीला बसवतेस?"

दर्शनाला जमलेली मंडळी हसली. हसणाऱ्या कितीजणांच्या चुलीवर त्या क्षणी बुधीनेच आणलेली पानं शिजत होती!

"पंत, तुमी तरी असं बोलू नये," बुधी हळूच म्हणाली.

त्या 'तुमी तरी'ने पंतांचा चेहरा पालटला. त्यांनी काठीने टोपली उडवली. पातोळ्या पायऱ्यांवरून चिखलात गेल्या. आजपासून हिची कुदळ डोंगरावर दिसली तर सगळी कातकरवाडी उठवीन, असं त्यांनी सर्वांदेखत बजावलं. वाडीचं कंद, पानं, मध, सारं पोट त्या डोंगरावर होतं. बुधी खालच्या पायरीवर बसून पातोळ्या वेचू लागली. गावातलं एकही माणूस पुढे आलं नाही.

महाराज गाभाऱ्यातून बाहेर आले. चिखलातली एक पातोळी उचलून ते बुधीशेजारी पायरीवर बसले.

"बुधी, पंतांना काय ठाऊक आहे, जे तू बोलत नाहीस?"

"शब्द दिलाय, महाराज."

"वाडी उठली तरी?"

बुधीने पदराने डोळे पुसले आणि मान डोलावली.

महाराजांचा आवाज चढला. तो तसा चढलेला कुणी ऐकला नव्हता. "देणारी शब्द जपते आहे, आणि घेणारा तिच्याच अन्नावर काठी चालवतो!" मग त्यांनी पातोळीचं पान सावकाश, अगदी बुधीची आय सांगे तसं, सोडवलं. आतल्या पिठावर मधली शीर आणि तिचे दोन्हीकडचे फाटे लख्ख उमटले होते. महाराज म्हणाले, "हे पान ज्याला एकदा बिलगलं, त्याच्यावरून ते पुसलं जात नाही."

आणि काय सांगावं! पंतांच्या धोतराखाली नडगीला ऊब आली. नुकत्या उकरलेल्या ओल्या हळदीचा वास देवळाच्या दारात भरून राहिला. पंतांनी खाली पाहिलं. नडगीवर अख्खं पान पिवळंधमक उमटलं होतं, शिरेसकट. ते उपरण्याने घासू लागले. उपरणं पांढरंच राहिलं, पान जागचं हललं नाही. सारं गाव बघत होतं.

"दुखतं का?" महाराजांनी विचारलं.

"नाही, महाराज."

"नाहीच दुखणार. बांधणाऱ्या हातांनी दुखणं तेव्हाच काढून घेतलं."

पंत महाराजांच्या पायांवर वाकायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि अळणी पातोळीचा घास तोंडात घालत बुधीकडे मान वळवली.

पंत पायरी उतरले. चिखलातच गुडघे टेकून त्यांनी बुधीसमोर माथा टेकवला. मान वर केली. एकदा त्यांनी घंटेकडे पाहिलं, मग गावाकडे.

"अंगारा नव्हता," ते म्हणाले. "बागेतल्या खोपीत रानहळदीचा लेप लावून, वर तिचंच पान ठेवून हा पाय बुधीबायने बांधला. रोज येऊन बांधला. कातकरणीचा हात लागला हे कुणाला कळू देऊ नको, अशी शपथ मीच तिला घातली होती."