साभार परतीची वही

महायुद्धात मी पुण्याच्या छावणीत महिला सहायक दलात टंकलेखिका होते. कवायतीत डावा पाय कुठला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि माझी एकूण एक कथा संपादकांकडून साभार परत यायची. एकदा आमच्या प्रसिद्धी कचेरीच्या मेजर दळवींनी माझी कथांची वही टेबलावरून उचलली.

"कचेरीत बसून खोटंनाटं लिहिता? दलातून नाव कमी करीन."

"चुकलं, साहेब," मी म्हटलं. "पण तुमचं विजयाचं पत्रक रोज मीच टाइप करते. आपण माघार घेतली त्या दिवशीचंसुद्धा सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. माझं एकही कुणी छापत नाही. तेवढं कसब शिकवा, मग खुशाल नाव कमी करा."

साहेबांनी वही परत दिली. साभार मात्र म्हणाले नाहीत.