न वाजणाऱ्या घंटा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. डोंगर तेव्हाही होते आणि माणसाला आपले डोळे तेव्हाही प्यारे होते, एवढं कळलं की पुरे.

एका डोंगराळ राज्यात एक शस्त्रवैद्य राहत होता. मोतीबिंदूने डोळ्यावर पांढरा पडदा आला की आधीचे वैद्य लेप लावायचे आणि हात टेकायचे. याने नवीच रीत शोधून काढली होती. गव्हाच्या कुसळासारखी बारीक सळई तो डोळ्यात अलगद घालायचा आणि पडदा बाजूला सारायचा. ज्याला फक्त ऊन आणि सावली कळत होती, त्याला समोर बसलेली आपली माणसं दिसायची. मला तर हे सांगतानाही अंगावर काटा येतो.

ज्याला दिसू लागे, तो वैद्याच्या दारातल्या पिंपळाला पितळेची एक घंटा बांधून जाई. वर्षं गेली आणि पिंपळ घंटांनी भरून गेला. वारा सुटला की सगळं नगर हातातलं काम थांबवून ऐकत राही. वैद्यही ऐके आणि मनात म्हणे, आपला हात काही चुकत नाही.

त्या राज्याच्या राजाची आई, आईसाहेब, हिचा एक डोळा लहानपणीच गेला होता. म्हातारपणी दुसऱ्यावर पडदा चढला. तिला एकच ध्यास होता. राजवाड्यामागच्या डोंगरावर सात वर्षांतून एकदा कारवी फुलते आणि अख्खा डोंगर जांभळा होतो. यंदा पावसाळा सरता सरता ती फुलणार होती. पुढच्या फुलोऱ्यापर्यंत आपण असू की नाही, हे आईसाहेबांना सांगता येत नव्हतं.

राजा आईला घेऊन वैद्याच्या दारी आला. पिंपळाकडे बोट दाखवून म्हणाला, याहून मोठा पुरावा कोणता हवा, उद्याच शस्त्रक्रिया करा. आईसाहेब मात्र झाडाखाली बराच वेळ कान देऊन उभी राहिली. मग तिने हळूच विचारलं, "वैद्यराज, ज्यांना दिसलं नाही, त्यांचा आवाज यात कुठे आहे?"

वैद्याने वर पिंपळाकडे पाहिलं. त्याला ते माहीतच नव्हतं. ज्याचा डोळा गेला तो इतक्या लांब परत कशाला येईल, आणि आलाच तरी घंटा कसली बांधेल?

"आईसाहेब, मी त्यांना शोधून येतो," तो म्हणाला. "तोवर तुमच्या डोळ्याला हात लावणार नाही."

राजा भडकला. एवढा मोठा वैद्य ऐनवेळी कच खातो आणि तेवढ्यात फुलोरा निघून जाईल, असं तो नाही नाही ते बोलला. आईसाहेबांनी त्याला थांबवलं. "जाऊ दे त्यांना. कारवी पुन्हा फुलेल. माझा डोळा एकच उरलाय."

वैद्य निघाला. जवळच्या गावांत सगळं ठीक होतं. माणसं धावत येऊन पाया पडायची. घाट उतरून पलीकडे गेल्यावर मात्र त्याला ओळखणारी पहिली बाई भिंतीला धरून बाहेर आली. ती विणकरीण होती. त्याच्या आवाजावरूनच तिने त्याला ओळखलं.

"वैद्यबुवा, तुमचा हात न्हाई वाईट," ती म्हणाली. "माझंच नशीब. परतताना घाटात गाडी अशी आदळली, की डोळ्यात कळ आली ती गेलीच न्हाई. तुमास्नी कशाला कळवायचं म्हणून गप ऱ्हायले."

वैद्य तिच्या ओट्यावर बसून रडला. पुढच्या गावातही तेच ऐकू आलं, त्याच्या पुढच्याही गावात तेच. पट्टी बांधून लगेच बैलगाडीने घाट उतरलेल्यांचे डोळे गेले होते. नगरातली आणि आसपासची माणसं आपल्या घरी शांत पडून राहिली म्हणून बरी झाली होती. एका म्हाताऱ्याच्या बाबतीत मात्र चूक सळईचीच, म्हणजे त्याच्या हाताचीच होती. तेही त्याने त्या म्हाताऱ्याला तोंडावर सांगितलं. इतकी वर्षं तो घंटा ऐकत होता आणि घाटापलीकडे काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

तो परतला तेव्हा डोंगरावर कारवीला कळ्या धरल्या होत्या. त्याने आईसाहेबांना सगळं सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर हलायचं नाही, खोकायचंसुद्धा जपून, आणि फुलोरा कदाचित पट्टीआडच निघून जाईल. "एवढं करूनही डोळा जाऊ शकतो," तो म्हणाला.

"आता मला विश्वास वाटतो," आईसाहेब म्हणाली. "करा."

सळई आत गेली आणि बाहेर आली. आईसाहेब अंधाऱ्या खोलीत उताणी पडून राहिली. खिडकीतून कारवीवरच्या मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येई. दासी येऊन सांगत, डोंगर पेटल्यासारखा दिसतोय. आईसाहेब तिकडे मानही वळवत नसे.

पट्टी सुटली तेव्हा खालचा फुलोरा गळून गेला होता. राजाने तिला हात धरून गच्चीवर नेलं. अगदी वरच्या कड्यावर, ढगाला टेकलेला एक जांभळा पट्टा अजून उरला होता. आईसाहेब त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या त्या एका डोळ्यातून पाणी वाहू लागलं. वैद्य मागे उभा होता. आपल्या हातून हे घडलं यावर त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

आईसाहेबांनी पिंपळाला आपली घंटा बांधली आणि ती वैद्याला म्हणाली, "घाटापलीकडच्यांच्याही बांधा. आतला लोलक काढून बांधा. वाजणार नाहीत, पण दिसतील तरी."

वैद्याने त्या स्वतःच्या हातांनी बांधल्या. लोकांना वाटलं, आता याच्याकडे कोण येणार? पण झालं उलटंच. लोक आधी मुक्या घंटा बघत, मग वाजणाऱ्या ऐकत, आणि निर्धास्त मनाने आत जात. राजाने झाडाशेजारी धर्मशाळा बांधली. लांबून आलेला रोगी बरा होईपर्यंत तिथेच पडून राही. मुक्या घंटा त्यानंतरही वाढल्या, पण फार क्वचित.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: यशाचा आवाज घरबसल्या कानावर येतो, अपयशाची चौकशी मात्र आपण होऊन त्याच्या दारी जाऊन करावी लागते.