लाल पोटाची अळिंबी

लई मागची गोष्ट. तेव्हा सालाच्या झाडांचं रान थेट गावाच्या परसापर्यंत आलेलं होतं. गावातल्या एका घरी दोन जावा नांदत होत्या. थोरली मोठी सुगरण, कामाला वाघीण. पण तिच्या मनात एक काटा कायम सलत असायचा, तो म्हणजे धाकटी.

रानदेवीच्या जत्रेत पहिला नैवेद्य त्या घरचा. इतकी वर्षं तो थोरलीच रांधायची. यंदा जत्रेच्या थोडं आधी धाकटीनं रानातून अळिंबी आणून रस्सा केला. नेहमीची पापुद्र्यांची छत्री नव्हे ही. देठ मनगटाएवढा जाड, टोपी भाकरीसारखी फुगलेली, अन् टोपीखाली पापुद्र्यांच्या जागी मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. सासूनं मागून मागून खाल्ली अन् म्हणाली, "सूनबाई, यंदा देवीला हीच भाजी. तुझ्या हातची."

थोरलीच्या पोटात निखारा पडला. वरून मात्र ती हसली. "अगं, कुठं सापडते ही? का सांगायची बंदी आहे?"

"बंदी कसली, अक्का? चला की माझ्यासंगं."

धाकटी तिला एका जुन्या सालाखाली घेऊन गेली. "ही याच झाडाच्या मुळांशी येते. दुसरीकडं लावू म्हटलं तर रुजत नाही. आता उलटी करून बघा. पोट पिवळं असलं तरच खुडायची. लाल पोटाची मोडली की निळी पडते. तिला हात लावू नका, घात करते."

थोरलीनं मान डोलावली. पण नजर भिरभिरत होती. पिवळ्या पोटाच्या तेवढ्या खुडलेल्या, अन् लाल पोटाच्या कशा रसरशीत, एकीलाही नख लागलेलं नव्हतं!

'अस्सं!' ती मनात म्हणाली. 'मला बुजगावणं दाखवते. चांगल्या त्या जत्रेसाठी राखून ठेवल्यात बाईनं!'

जत्रेच्या दिवशी, धाकटीची चूल पेटायच्या आधीच थोरली रानात जाऊन आली. लाल पोटाच्या साऱ्या अळिंब्या ओटीत भरून आणल्या. चिरताना त्या निळ्याशार पडल्या, तिनं वर काळा मसाला घातला. चव घ्यायचा प्रश्नच नव्हता; नैवेद्य उष्टा करत नाहीत. ताट घेऊन ती देवळात पहिली पोचली.

सासू चपापली. पण देवीपुढं आलेलं ताट माघारी न्यायची रीत नव्हती. आणखी एक रीत होती. नैवेद्यातला पहिला घास त्या घरातल्या सगळ्यांत धाकट्या लेकराला. ते लेकरू म्हणजे थोरलीचीच तानी.

तेवढ्यात धाकटी धावत आली. परसात टाकलेले निळे देठ तिनं पाहिले होते.

"अक्का, थांबा! ती भाजी तानीला देऊ नका!"

थोरली सगळ्या गावाकडं वळली. "बघा गं बायांनो! माझं ताट आधी आलं तर हिच्या डोळ्यांत कुसळ गेलं. देवीच्या दारात तरी जळू नये माणसानं!"

"मी पाया पडते तुमच्या. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण आधी भाजी टाका!"

"टाका म्हणे! माझ्या हातचं, अन् माझ्या लेकीला बाधेल?"

आणि तिनं घास घेऊन तानीच्या तोंडात घातला. वर दुसराही घातला, धाकटीकडं बघत बघत.

जत्रेचे ढोल वाजायच्या आत पोर पोट धरून लोळायला लागली. ओकून ओकून तिचे डोळे पांढरे झाले. ताट तिथंच पालथं पडलं. वैद्य आला, सासूनं देवीपुढं पदर पसरला. थोरली देवीच्या पायरीवर कपाळ घासत बसली. रात्रंदिवस पोरीला मांडीवर घेऊन बसली ती धाकटी. पेजेचं पाणी थेंबथेंब पाजलं, तेव्हा कुठं तानीनं डोळे उघडले.

पोर वाचली. धाकटीनं कधी एका शब्दानं टोचलं नाही. थोरलीही पुढं मायेनं वागायला लागली. पण एक गोष्ट झाली ती झाली. आई घास भरवायला लागली की तानी तोंड मिटून घ्यायची, आधी काकीकडं बघायची. काकीनं मान डोलावली की मगच तोंड उघडायची.

म्हणून शहाण्यानं ध्यानात ठेवावं: मत्सरानं भरलेल्या कानाला हिताचा शब्दही कपटच वाटतो.