फोटो काढला, की...

“...तेच तर सांगतेय गं. मल्लिनाथनं फोटो काढला, की माणूस...”

गिरणीच्या दारात बाई एवढं बोलली आणि गप्प झाली. पिठाचा डबा घेऊन मागे खुद्द मल्लिनाथच उभा होता.

पुढचं बोलायची गरजही नव्हती. उरलेलं वाक्य तो कितीतरी महिने मनातल्या मनात पुरं करत होता.

मल्लिनाथ कोरे म्हणजे गावातला नावाजलेला फोटोग्राफर. हाताला गुण होता, तोंडाला त्याहून जास्त. झूम लेन्सला तो आळशी माणसाची काठी म्हणायचा. वाइड लेन्सनं नाकाचा बटाटा होतो, चेहऱ्याचा मान राखावा तो पंच्याऐंशी एमएमच्या लेन्सनंच, आणि स्वस्तातला ट्रायपॉड म्हणजे दारुड्याचा खांदा, कधी दगा देईल नेम नाही... लग्नाच्या मांडवात कुणी विचारो न विचारो, तो हे ऐकवायचाच.

अलीकडे बोलणं कमी झालं होतं आणि लेन्स बदलणं वाढलं होतं. पंच्याऐंशीची विकली, दुसरी घेतली, तिला काळा दोरा बांधला. कुणीतरी सहज म्हणालं, तीन तिगाडा काम बिगाडा... तर यानं तीन पायांचा ट्रायपॉड माळ्यावर टाकला आणि एका पायाची काठी आणली.

डबा ठेवायला घरात शिरला, तर आई इरकल नेसून, अंबाड्यात अबोली माळून खुर्चीत बसलेली.

“मल्लू, आज माझा फोटो काढ.”

“बघू नंतर.”

“तुझ्या नंतरला मी पुरायला पाहिजे ना. त्या पारूच्या घरी बघ, आधार कार्डावरचाच मोठा करून हार घातलाय. चोरी करताना सापडल्यागत दिसते बिचारी. घरात फोटोग्राफर असून मला तसलं नको.”

मल्लिनाथनं बॅग उचलली. आईला वाटलं, लेन्स लावतोय. तो दाराबाहेर पडला तो थेट टेकडीवरच्या दर्ग्यात गेला.

तिथे कडेच्या खोलीत दस्तगीर उस्ताद राहायचे. मल्लिनाथच्या हातात पहिला कॅमेरा त्यांनीच दिला होता. पुढे एक दिवस स्टुडिओला कुलूप लावून ते इथे आले आणि अंगण झाडू लागले. का, ते कुणाला कळलं नाही. विचारायला गेलेल्याला चहा मिळायचा, उत्तर नाही.

“उस्ताद, जिच्यात दोष नाही अशी लेन्स कुठली?”

उस्ताद झाडतच राहिले. “काच बिचारी काय करणार? तुझं काय बिघडलंय ते सांग.”

मल्लिनाथनं सांगितलं. सरदेसाई मास्तर, सोनाराची आजी, वखारीतला बापू... यानं फोटो काढले आणि माणसं गेली. आता आई नटूनथटून बसलीय. तिच्यावर लेन्स धरायची तर हातात बळ नाही.

“मास्तरांकडचं बोलावणं कधी आलं होतं?”

“डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितल्यावर.”

“आजीकडचं?”

“तिनं अन्न सोडल्यावर.”

“हं.”

“पण बापू, उस्ताद? बापू धडधाकट होता. ओंडका खांद्यावर घेऊन हसत उभा राहिला, मी काढला... आणि आठवड्याच्या आत त्याला पोचवायला गेलो.”

झाडू थांबला.

“बापूचं मला माहीत नाही,” उस्ताद म्हणाले.

मल्लिनाथला वाटलं होतं, ते हसण्यावारी नेतील. ते हसले नाहीत.

“म्हणजे खरंच आहे...”

उस्तादांनी हात पुढे केला. “कॅमेरा दे. आणि बस तिथे, पायरीवर.”

“आत्ता उजेड बरा नाही, उस्ताद. ही लेन्सही कडेला फिकी पडते. ट्रायपॉड नाही, फोटो हलेल...”

“हलला तर माझा हलेल. तू बस.”

उस्तादांनी कॅमेरा डोळ्याला लावला. काचेचा काळा गोल फिरत फिरत मल्लिनाथवर येऊन थांबला. आयुष्य त्या काचेच्या मागे गेलं होतं त्याचं. पुढे तो कधी बसला नव्हता. भर दुपारी कुणीतरी विहिरीत वाकायला लावावं, तसं झालं. त्यानं बॅग उचलली आणि तोंडापुढे धरली.

“नको... उस्ताद, पाया पडतो.”

उस्ताद थांबले. मग त्यांनी लेन्सवर झाकण बसवलं.

“नाही काढला. बरं वाटलं?”

बॅगेआडून मान हलली. सदरा पाठीला चिकटला होता.

“छान झालं. आता तुला मरण नाही.”

“आईलाही असंच ठेव,” उस्ताद म्हणाले.

टेकडीवर वारा नव्हता. खालून कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाका मारत होतं, आणि तो माणूस काही ओ देत नव्हता.

हळूहळू बॅग गुडघ्यावर आली.

“काढा.”

शब्द नीट फुटला नाही, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, “काढा, उस्ताद.”

झाकण निघालं.

खट्.

एवढाच आवाज. मल्लिनाथनं डोळे मिटले नव्हते, पण त्याला काही दिसलंही नव्हतं. छाती धाडधाड उडत होती. म्हणजे चालू होती.

“मग उस्ताद... लोक बोलतात ते खोटं ना?”

“अर्धं खरं आहे.”

“कुठलं अर्धं?”

उस्तादांनी कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला आणि झाडू उचलला.

“‘की’च्या पुढचं. ते तुझ्या आईला ठाऊक आहे. म्हणून तर नटून बसलीय.”