रिकाम्या घागरीचा शाप

एका राज्यात, जिथे जमीन संपून समुद्राची पुळण लागते तिथे, एक किल्ला होता आणि त्याच्या पायथ्याशी एक गाव. गाव असं गप्प, की विचारू नका. तिथल्या राजा अर्णवसेनाला बसताच येत नव्हतं. रात्रंदिवस पुळणीवर त्याच्या येरझारा चालत. राजाच उभा, मग रयत कशी बसणार? लोक उभ्यानं जेवत, उभ्यानं जाळी विणत. बसल्याशिवाय गप्पा कुठून होणार!

राजाची लेक हेमकला जन्मापासून आजोळी वाढलेली. आई बाळंतपणातच गेली होती. बारा वर्षांची झाली तशी ती बापाला भेटायला आली. पण बाप थांबेना. त्याच्या मागून पळतच तिला बोलावं लागलं. पोरीचा जीव कासावीस झाला.

किल्ल्याच्या तटावर एक म्हातारा कुरव पक्षी होता, तो माणसासारखा बोले. त्यानं सगळी हकिगत सांगितली. बारा वर्षांमागं विहिरी आटल्या, तेव्हा खडकातल्या जलमांत्रिकानं राजाला कधी न आटणारी घागर उसनी दिली. पाऊस पडला, तसं घागरीतलं पाणी आपोआप थांबलं; राजानं ती घासूनपुसून परत धाडली, आणि तेव्हापासून पाय थांबेनात. तीन दिवसांनी पौर्णिमेचा चंद्र उगवला, की तेच पाय त्याला समुद्रात नेतील.

"घागर रिकामीच धाडली?" हेमकलेनं विचारलं.

"रिकामीच."

तिनं कपाळाला हात लावला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे शेंबडं पोरही जाणतं. पण राजाला सांगणार कोण? राणी तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती.

हेमकलेनं मांत्रिकाकडून घागर मागून आणली. पहिल्या दिवशी मोत्यांनी भरून नेली. समुद्रातले मोती माझेच, असं म्हणून त्यानं ते ओतून टाकले. दुसऱ्या दिवशी माणकं नेली. खडकात राहणाऱ्याला आणखी दगड कशाला, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तिनं पुळणीवरच चूल मांडली, खीर चढवली आणि बापाच्या हाती लांब पळी दिली. राजा चुलीभोवती फिरत फिरत ढवळू लागला. त्याचं अर्धं लक्ष सूर्याकडे. सूर्य बुडायला आला, पुन्हा रांधायला वेळ नव्हता. होती तशीच खीर घागरीत ओतून हेमकला धावत सुटली.

मांत्रिकानं बोट चाटलं. "खाली लागली आहे."

"बाबांनी ढवळली. त्यांना सवय नाही."

"मग घरचीच आहे," मांत्रिक म्हणाला. "राजाला सांग, आता बसावं."

राजाला गुडघे कसे दुमडायचे तेही आठवेना. लेकीनं हात धरून त्याला वाळूत बसवलं. तो बसला तशी सारी रयत बसली, आणि बारा वर्षांचं बोलणं एकदम सुरू झालं. हेमकला एवढी घोडी झालेली, तरी खुशाल बापाच्या मांडीवर जाऊन बसली.

"जड झालीस गं," राजा म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "हलकी होतीस तेव्हा कशी होतीस, ते मला कळलंच नाही."