काचेच्या कपाटातली राणी

खेळण्यातल्या आगगाड्याही बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. दामूअण्णांच्या काचेच्या कपाटात राणी नावाचं निळंशार इंजिन होतं. रंग उडेल म्हणून अण्णा तिला रुळावर उतरवतच नसत. रोज रुळावर धावणाऱ्या ठमी नावाच्या काळ्या इंजिनाला राणी म्हणायची, "पळ बाई पळ, आम्ही बसल्या जागी शोभतो!"

खंडेनवमीला अवजारं पुजतात, तशी अण्णांनी इंजिनं पुजली आणि मानाची म्हणून राणीला डब्यांपुढं जोडलं. कळ दाबली, तर ती नुसतीच गुरगुरली. पडून पडून पोटातलं तेल थिजलं होतं.

"बिघडली! आता कायमची कपाटात," अण्णा म्हणाले. राणीला रडू फुटलं.

"अहो अण्णा, तेल बदला की! मी रेटते मागून," ठमी म्हणाली.

ताजं तेल पडलं, ठमीनं ढकललं, आणि राणी जी सुटली! सांजेला अण्णा तिला उचलायला आले, तशी ती ओरडली, "कपाटात फुलदाणी ठेवा अण्णा, आम्हाला कामं आहेत!"