‘बघू’चं गाव

फार जुनी गोष्ट, बाळांनो. इतकी जुनी की गावाचं नावही कुणाला आठवत नाही. आणि आठवून तरी काय करायचं म्हणा!

त्या गावात एक मुलगी होती. बोलायची कमी, पण तिला ऐकू मात्र फार यायचं. माठातलं पाणी ठिबकलं तरी तिला कळायचं. गलका झाला की ती कान दाबून कोपऱ्यात शिरायची. आणि शाळेत तर सगळी पोरं एका सुरात पाढे ओरडायची! पहिल्याच दिवशी ती किंचाळत घरी पळाली.

आई गुरुजींकडे गेली. “गुरुजी, तिला दाराशी बसू द्या. पाढे सुरू होण्याआधी सांगा, म्हणजे ती अंगणात जाईल. सोबतीला एखादी मायाळू बाई द्या. एवढंच.”

“एकीला दिलं की सगळे मागतील,” गुरुजी म्हणाले. “पाटलांना विचारून बघू.”

पाटील म्हणाले, “वहिनी, लहान आहे, होईल शहाणी. तरी प्रधानजींच्या कानावर घालून बघू.”

प्रधानजी म्हणाले, “गुरुजींचं म्हणणं काय, ते बघू.”

झालं! आई पुन्हा गुरुजींच्या दारात. वहाणा झिजल्या, सण आले नि गेले, पोर घरातच. आई इतकी थकली की भाकरी थापता थापता तिचा डोळा लागायचा.

शेवटी ती प्रधानजींच्या उंबऱ्यातच बसली. “बघू म्हणता ना? मग चला, बघा तरी! माझ्या लेकीकडे अजून कुणी नीट पाहिलेलंच नाही.”

प्रधानजी वरमले, शाळेत आले. आईनं काळजावर दगड ठेवून लेकीला वर्गात बसवलं. पाढे दणाणले आणि पोर भिंतीवर डोकं आपटू लागली. आईनं तिला उचलून अंगणात नेलं. आतला आवाज थांबला तशी पोर हळूच म्हणाली, “संपले? आता येते मी आत.”

प्रधानजींनी तिथंच गुरुजींना हुकूम दिला. त्याच दिवशी दाराशी जागा झाली, सोबतीला एक मावशीही आली. इतकं सोपं होतं हो ते!

मुलगी शिकली. पण बरोबरीची मुलं केव्हाच पुढे गेली होती, आणि शाळा दिसली की तिचे हात कितीतरी दिवस आपोआप कानांवर जायचे. लोक आईला म्हणाले, “झालं ना शेवटी मनासारखं!”  पण तिच्यात आनंद मानायलाही त्राण कुठं उरलं होतं?

तात्पर्य काय, तर मागणाऱ्याला दमवून दिलेली मदत अर्धीच पोचते.